वाचक विचारतात : सगळे रिमोट एका हबवर

मोबाइलवरून किंवा आवाजाने घरातली उपकरणे चालवणाऱ्या ‘स्मार्ट रिमोट हब’विषयी वाचकांची बरीच पत्रे आली आहेत. त्यांपैकी एकमेकांशी जोडलेले काही प्रश्न निवडून या वेळी एकत्र घेतले आहेत. पत्रलेखकांची नावे न देता फक्त गावे दिली आहेत.

प्रश्न (डोंबिवली) : आमच्याकडे टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, फायर टीव्ही स्टिक, दोन एसी आणि रिमोटवर चालणारे दोन पंखे आहेत. दुकानदाराच्या म्हणण्यानुसार एक हब घेतला की ‘सगळं’ त्यावर चालेल. हे कितपत खरे आहे?

उत्तर : दुकानदाराचे म्हणणे अर्धे खरे आहे. त्यातला खरा अर्धा कोणता, हे पैसे देण्यापूर्वी घरबसल्या तपासता येते. साधा हब म्हणजे वायफायवरून आज्ञा घेऊन ती अवरक्त (इन्फ्रारेड, डोळ्यांना न दिसणाऱ्या) किरणांच्या रूपात खोलीत सोडणारा छोटा डबा. त्यामुळे ज्या उपकरणाचा मूळ रिमोट अवरक्त किरणांवर चालतो, तेवढीच उपकरणे त्याला चालवता येतात. मोबाइलचा कॅमेरा सुरू करून रिमोटचे टोक त्याच्यासमोर धरा आणि बटण दाबा. टोकावरचा छोटा दिवा पडद्यावर जांभळट-पांढरा लुकलुकताना दिसला, तर तो रिमोट अवरक्त आहे. मागचा कॅमेरा हे किरण बऱ्याचदा गाळून टाकतो, म्हणून सेल्फीचा कॅमेरा वापरावा.

आपले दोन्ही एसी आणि बहुधा टीव्ही या कसोटीला उतरतील. फायर टीव्ही स्टिकचा रिमोट मात्र फसवा आहे, कारण त्यावरची टीव्हीच्या आवाजाची आणि पॉवरची बटणे अवरक्त किरण सोडतात, तर स्टिकला दिलेल्या बाकीच्या आज्ञा ब्लूटूथने जातात. त्या आज्ञा अवरक्त हबच्या आवाक्याबाहेरच्या आहेत. पंख्यांची परीक्षा वेगळ्या तऱ्हेने घ्यावी. रिमोट घेऊन शेजारच्या खोलीत जावे आणि मध्ये भिंत असतानाही पंखा ऐकतो का, ते पाहावे. ऐकत असेल तर त्याचा रिमोट रेडिओलहरींवर चालतो आणि त्यासाठी ४३३ मेगाहर्ट्झच्या लहरीही सोडणारा, थोडा महाग हब लागतो. ब्रॉडलिंक या कंपनीच्या हबांच्या मालिकेत आरएम४ मिनी हा फक्त अवरक्त किरणांचा, तर आरएम४ प्रो हा दोन्हींचा आहे. मात्र काही पंख्यांचे रिमोट २.४ गिगाहर्ट्झवर बोलतात. त्यांचे संकेत प्रो हबलाही शिकून (नोंदवून) घेता येत नाहीत, तेव्हा पंख्याच्या माहितीपत्रकातला आकडा पाहूनच निर्णय घ्यावा. आणि रेग्युलेटरवर चालणाऱ्या, रिमोटच नसलेल्या पंख्याला हबचा काडीचाही उपयोग नाही. तिथे स्विचबोर्डाच्या आत बसणारे स्मार्ट मॉड्यूल लागते आणि ते परवानाधारक वायरमनकडूनच बसवून घ्यावे.

प्रश्न (ठाणे) : ऑफिसातून निघताना मी अ‍ॅपवरून एसी चालू करते. अ‍ॅपमध्ये तो चालू दिसतो, पण घरी पोहोचल्यावर कित्येकदा बंद असतो. उलट, रात्री ‘सगळे बंद’ असे सांगितले की बंद असलेला टीव्ही चालू होतो. हब बदलून घ्यावा का?

उत्तर : बदलू नका, कारण नवा हबही नेमके हेच करील. आपल्या दोन्ही तक्रारींचे मूळ एकच आहे आणि हब घेणाऱ्या प्रत्येकाने ते आधी समजून घ्यावे, असे मला वाटते. अवरक्त रिमोट आज्ञा पाठवतो, परंतु आज्ञा पोहोचली की नाही, हे उपकरण त्याला कधीच कळवत नाही. साध्या टपालाने पत्र टाकावे आणि पोच मिळू नये, असा हा व्यवहार आहे. हातातल्या रिमोटच्या बाबतीत ही उणीव आपल्याला जाणवत नाही, कारण एसीचा ‘बीप’ आपण कानांनी ऐकतो आणि टीव्हीचा पडदा डोळ्यांनी पाहतो. दहा-पंधरा किलोमीटरवरून बटण दाबणाऱ्याजवळ हे कान-डोळे नसतात. अ‍ॅपमध्ये दिसणारे ‘चालू’ म्हणजे ‘चालू करण्याची आज्ञा पाठवली’ एवढेच. स्टॅबिलायझर बंद असला, एसीचा एमसीबी खाली असला किंवा हब आणि एसी यांच्यामध्ये कपाटाचे दार आले, तरी अ‍ॅप तेच दाखवणार.

आता टीव्हीची गोष्ट. बहुतेक टीव्हींच्या रिमोटवर पॉवरचे बटण एकच असते आणि त्याचा संकेतही एकच असतो. चालू टीव्हीला तो मिळाला की टीव्ही बंद होतो, बंद टीव्हीला मिळाला की चालू होतो. ‘सगळे बंद’ म्हटल्यावर हबने तो एकमेव संकेत सोडला आणि टीव्हीने त्याचा आपल्या परीने अर्थ लावला. यावर उपाय असा की टीव्हीला त्या सामूहिक आज्ञेतून वगळावे. टीव्ही स्मार्ट असेल, तर त्याला हबमार्फत न चालवता त्याच्या स्वतःच्या वायफायवरून अ‍ॅलेक्सासारख्या आवाजाच्या सहायकाशी थेट जोडावे, कारण त्या मार्गाने टीव्ही आपली खरी स्थिती कळवू शकतो. काही कंपन्यांच्या टीव्हींना ‘फक्त चालू’ आणि ‘फक्त बंद’ असे स्वतंत्र संकेतही समजतात. ते रिमोटवर छापलेले नसतात, परंतु हबच्या अ‍ॅपमधल्या तयार यादीत कधी कधी सापडतात.

एसीच्या बाबतीत परिस्थिती त्या मानाने बरी आहे. बहुतेक एसींच्या आज्ञेत ‘चालू’ किंवा ‘बंद’ हे स्पष्ट लिहिलेले असते, त्यामुळे तीच आज्ञा दोनदा गेली तरी काही बिघडत नाही. म्हणून ‘एसी चालू’ची आज्ञा दोन-तीन मिनिटांच्या अंतराने पुन्हा पाठवणारी नोंद अ‍ॅपमध्ये करून ठेवावी. आणि खात्रीच हवी असेल, तर खोलीत तापमान मोजणारा स्वस्त सेन्सर ठेवावा. स्विचबॉट कंपनीच्या ‘हब २’सारख्या काही हबांबरोबर तो येतोच. पंधरा-वीस मिनिटांत खोलीचे तापमान उतरू लागले, तर एसीने ऐकले असे समजावे.

हब ठेवण्याची जागाही तपासा. अवरक्त किरण भिंतीतून किंवा लाकडातून जात नाहीत, पण पांढऱ्या भिंतीवरून आणि छतावरून चांगले परावर्तित होतात. टीव्हीच्या कपाटात, पडद्यामागे किंवा राउटरशेजारी कोपऱ्यात दडवलेला हब निम्म्या तक्रारींचे कारण असतो. उपकरणांकडे तोंड असलेल्या उघड्या, उंच फळीवर त्याला जागा द्यावी. आणि प्रत्येक खोलीला वेगळा हब लागतो, हे विक्रेते सहसा सांगत नाहीत.

प्रश्न (नागपूर) : आमच्या एसीचे मॉडेल अ‍ॅपच्या यादीत नव्हते, म्हणून मूळ रिमोटची बटणे हबला एकेक करून शिकवली. ‘तापमान वाढवा’ हे बटण कितीही वेळा दाबले, तरी एसी २५ अंशांवरच जातो. असे का होते?

उत्तर : आपण हबला ‘तापमान वाढवा’ शिकवलेच नाही. आपण त्याला ‘चालू, कूलिंग, २५ अंश, पंखा मध्यम’ हे संपूर्ण वाक्य शिकवले. टीव्हीचा रिमोट एका बटणासाठी एक छोटा संकेत पाठवतो. संकेत पाठवण्याच्या ‘एनईसी’ या प्रचलित पद्धतीत तो अवघा ३२ बिटांचा असतो. एसीच्या रिमोटवर मात्र छोटा पडदा असतो आणि सारी मांडणी त्या रिमोटच्या स्मरणात असते. कोणतेही बटण दाबले तरी तो मोड, तापमान, पंख्याचा वेग आणि झडपांची हालचाल हे सगळे एका लांबलचक संकेतात पाठवतो. शिकवताना आपला रिमोट २४ वर होता. बटण दाबताच तो २५ वर गेला आणि २५ ची अवस्था नोंदली गेली.

यासाठी बटणे शिकवण्याऐवजी अवस्था शिकवाव्यात. रिमोटवर २४ अंश, कूलिंग, पंखा ऑटो अशी मांडणी करून तिला ‘रात्र’ असे नाव द्यावे. २६ अंशांची दुसरी मांडणी ‘दुपार’ या नावाने ठेवावी आणि ‘बंद’ ही तिसरी. घरोघरी वापर तीन-चार अवस्थांचाच असतो, त्यामुळे एवढ्यावर काम भागते. २६ अंशांची सूचना काटकसरीसाठीही आहे. तापमान एक अंशाने वाढवल्यास सुमारे ६ टक्के वीज वाचते, असे केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे सांगणे आहे, आणि २०२० पासून तारांकित एसी मुळातच २४ अंशांवर सुरू होतील असे बनवण्याचा नियमही त्यामुळेच आला.

शिकवताना रिमोट हबपासून वीतभर अंतरावर धरावा, बटण क्षणभरच दाबावे आणि हबवर थेट ऊन पडत नाही ना, हे पाहावे. उन्हातही अवरक्त किरण असतातच आणि त्यांनी नोंद बिघडते.

प्रश्न (रत्नागिरी) : आमच्याकडे पावसाळ्यात वीज वारंवार जाते आणि इंटरनेटही. अशा ठिकाणी हब घेण्यात अर्थ आहे का?

उत्तर : अर्थ आहे, परंतु भरवसा बेताचाच ठेवावा. वीज गेल्यामुळे शिकवलेले संकेत पुसले जात नाहीत, आणि वीज आल्यावर हब आपण होऊन वायफायला जोडला जातो. राउटर इन्व्हर्टरवर घेतल्यास हे लवकर होते. अडचण वेळापत्रकांची आहे. अनेक अ‍ॅप आपली वेळापत्रके कंपनीच्या सर्व्हरवर ठेवतात आणि इंटरनेट नसले की ती चालत नाहीत. पहाटे ४ वाजता एसी बंद व्हायलाच हवा असेल, तर ते काम हबवर सोपवू नये. रात्री झोपताना एसीच्याच रिमोटने टायमर लावावा. बहुतेक एसींत तो टायमर एसीच्या आतच चालतो, त्याला इंटरनेट लागत नाही.

आणखी एक गोष्ट, जिच्यापायी पुष्कळ लोक पहिल्याच दिवशी हब परत करतात. हे हब सहसा फक्त २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवर चालतात. राउटरने २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोहोंना एकच नाव दिले असेल, तर जोडणी अडते. राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन २.४ ला निराळे नाव द्यावे आणि जोडणी होईपर्यंत मोबाइलही त्याच नावावर ठेवावा.

प्रश्न (म्युनिक, जर्मनी) : आई-बाबा सांगलीला असतात. बाबांना नव्या टीव्हीचा रिमोट जमत नाही. इथून मी त्यांचा टीव्ही आणि एसी चालवू शकेन का?

उत्तर : चालवू शकाल. खाते उघडताना मात्र देश म्हणून भारत निवडावा, आणि शक्यतो खाते आई-बाबांच्या नावाने त्यांच्याच मोबाइलवर उघडून आपण त्यात सदस्य व्हावे. काही अ‍ॅपमध्ये खाते कोणत्या देशाचे, यावर माहिती कोणत्या सर्व्हरवर जाते ते ठरते, आणि वेगवेगळ्या प्रदेशांतल्या खात्यांना एकमेकांशी उपकरणे वाटून घेता येत नाहीत. वेळापत्रक लावताना ते सांगलीच्या घड्याळाने चालणार आहे की म्युनिकच्या, हेही पाहून घ्या. उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तासांचा फरक आहे.

तरीही, वर ठाण्याच्या वाचकांना सांगितले ते आपल्याला दुप्पट लागू आहे. खोलीत काय चालले आहे, हे हब आपल्याला सांगणार नाही. बाबा बातम्या पाहत असताना टीव्ही अचानक बंद झाला, तर टीव्ही बिघडला असे समजून ते मेकॅनिकला फोन करतील. म्हणून आधी फोन लावावा, पडद्यावर काय दिसते ते विचारावे आणि मग बटण दाबावे. बाबांचा प्रश्न केवळ बटणांच्या गर्दीचा असेल, तर दहा-बारा मोठ्या बटणांचा साधा ‘शिकाऊ’ (मूळ रिमोटचे संकेत शिकून घेणारा) रिमोट त्यांच्या हातात देणे मला हबपेक्षा सोयीचे वाटते.

प्रश्न (सोलापूर) : गीझर आणि बोअरची मोटर हबवर घेता येईल का?

उत्तर : हबवर नाही. त्यांना सहसा रिमोटच नसतो. २,००० वॉटच्या गीझरला सुमारे ९ अँपिअर प्रवाह लागतो, त्यासाठी १६ अँपिअरचा स्मार्ट प्लग मिळतो. मोटर सुरू होताना याहून कितीतरी जास्त प्रवाह ओढते, म्हणून तिला साध्या स्मार्ट प्लगवर कधीही लावू नये. तिचा स्टार्टर आणि मोबाइल-नियंत्रक हा वेगळा विषय आहे. रिमोटवर चालणारा रूम हीटर हबला शिकवता येतो, पण घरात कोणी नसताना तो दुरून चालू करू नये. त्याच्यावर टॉवेल पडला आहे की नाही, हे आपल्याला कळणार नाही.

प्रश्न (इंदूर) : सासूबाई फक्त मराठी बोलतात. अ‍ॅलेक्सा त्यांचे ऐकेल का?

उत्तर : अ‍ॅलेक्सा भारतात इंग्रजी आणि हिंदी समजते. उपकरणांना ‘पंखा’, ‘टीव्ही’ अशी दोन्ही भाषांत चालणारी नावे द्यावीत आणि भाषा हिंदी ठेवावी. ‘पंखा बंद करो’ एवढे म्हणायला इंदुरात कोणाला शिकवावे लागेल, असे वाटत नाही.

प्रश्न (कराड) : मी अभियांत्रिकीचा विद्यार्थी आहे. असा हब स्वतः बनवता येईल का?

उत्तर : जरूर बनवावा. ईएसपी८२६६ या वायफाय चिपचा एक बोर्ड, ९४० नॅनोमीटरचा अवरक्त एलईडी, एक एनपीएन ट्रान्झिस्टर आणि दोन-तीन रोधक एवढे साहित्य पुरते. एलईडी बोर्डाच्या पिनला थेट जोडू नये. पिन जेमतेम १२ मिलिअँपिअर देते आणि किरण हातभर अंतरातच विरतात. ट्रान्झिस्टरमार्फत प्रवाह वाढवला की खोलीभर पोहोच मिळते. संकेत साधारणपणे ३८ किलोहर्ट्झच्या वाहक लहरीवर जातात, तरी फिलिप्सची आरसी-५ पद्धत ३६ वर आणि सोनीची ४० वर चालते. ‘आयआररिमोटईएसपी८२६६’ या मुक्त लायब्ररीत अनेक एसींची संपूर्ण संकेतरचना तयार मिळते, त्यामुळे नागपूरच्या वाचकांना आलेली अडचण आपल्याला येणार नाही.

यात ३८ किलोहर्ट्झचा एक अवरक्त ग्राहक (रिसीव्हर) सेन्सरही जोडा आणि तो सतत ऐकता ठेवा. म्हणजे घरात कोणी मूळ रिमोट वापरला, तरी तो संकेत आपला हबही टिपेल आणि घरातली उपकरणे एकत्र सांभाळणाऱ्या ‘होम असिस्टंट’ या मुक्त प्रणालीतली एसीची नोंद आपोआप बदलेल. बाजारातले बरेच हब एवढेही करत नाहीत. अर्थात, यातून रिमोट बोलला एवढेच कळेल. एसीने ऐकले की नाही, यासाठी खोलीतला तापमानाचा सेन्सर किंवा एसीच्या तारेवर चिमट्यासारखा बसणारा करंट सेन्सर लागेल. करंट सेन्सरची जोडणी करण्यापूर्वी एमसीबी खाली करावा.