चारीच्या शेवटच्या शेताला पाणी का पोचत नाही?

रब्बीचं आवर्तन, म्हणजे कालव्याला ठरावीक दिवस सुटणारं पाणी, तोंडावर आलं की पत्रं एकाच गोंधळाची येतात: किती एकर ठेवता येते आणि किती एकराला पाणी मिळतं. हे दोन प्रश्न वेगळे आहेत.

लाभक्षेत्रात, म्हणजे कालव्याच्या पाण्याखालच्या भागात, एका कुटुंबाला 18 एकरांवर जमीन ठेवता येत नाही, असं पारावर ऐकलं. खरं का?

अर्धवट. कमाल जमीनधारणेच्या 1961 च्या कायद्यात, 1975 च्या दुरुस्तीनंतर, 18 एकरांची मर्यादा वर्षात दोन पिकांना खात्रीचं पाणी असलेल्या जमिनीला आहे. एकाच पिकाची खात्री असेल तर 27, कोरडवाहूला 54. कालवा बांधाशेजारून गेला म्हणून जमीन आपोआप 18 च्या गटात जात नाही. जमीन मिश्र असेल तर पारावरचा हिशोब सोडा आणि सातबारा घेऊन तहसील कार्यालय गाठा.

मागच्या वर्षी पाणी घेतलं होतं. यंदा पुन्हा नमुना 7, म्हणजे पाणी मागणीचा अर्ज, भरायचा का?

हो, दर हंगामाला आणि मुदतीत. थकबाकीची पावती सोबत ठेवा.

एजंट 'कॅनॉलचं बारमाही पाणी' म्हणून दोन एकर विकतोय. घेऊ का?

फक्त त्याच्या शब्दावर मुळीच नाही. धरणात 15 ऑक्टोबरला किती साठा आहे ते पाहून हंगामाचं नियोजन होतं आणि कालवा सल्लागार समितीत आवर्तनं ठरतात. बारमाहीचं वचन एजंट कुठून आणतो? भरलेल्या कालव्याचा फोटो बाजूला ठेवा, तीन वर्षांच्या पाणीपट्टीच्या पावत्या मागा. सातबाऱ्याच्या इतर हक्कांत धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचा शेरा आहे का, हे वकिलाला दाखवल्याशिवाय इसार देऊ नका.

आमचं शेत चारीच्या, म्हणजे कालव्यातून शेतांकडे येणाऱ्या पाटाच्या, टोकाला. वरचे म्हणतात, पाणी आधी आमचं. काय करावं?

असा कायदा कुठेच नाही. शेजपाळीची, म्हणजे शेजारच्या शेतांना क्रमाने पाणी देण्याची, रीत नेमकी उलटी: आधी टोकाचं शेत भिजवायचं, मग वर सरकायचं. हिशोब करून पाहा. एक हेक्टरला 10 सेंटिमीटरची पाळी म्हणजे 1,000 घनमीटर पाणी. एक क्युसेकच्या (सेकंदाला एक घनफूट) प्रवाहाने ते जेमतेम 10 तासांत होतं. वरच्याने रात्रभर बारं (शेतात पाणी घ्यायचं तोंड) उघडं ठेवून 16 तास काढले, तर ते सहा तास तुमच्या हरभऱ्याचे गेले. हे वर्षानुवर्षं सहन होतं, याची मला खरोखर चीड येते. शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाच्या 2005 च्या कायद्याने पाणी वापर संस्थेला, म्हणजे पाणी घेणाऱ्या शेतकऱ्यांच्या संस्थेला, पाणी घनमीटरने मोजून मिळतं, पीक शेतकरी ठरवतो, आणि संचालक मंडळात मुख, मध्य, पुच्छ (वरचा, मधला, टोकाचा) तिन्ही भागांची माणसं असतात. कायद्याच्याही आधी, नव्वदच्या दशकात, नाशिक जिल्ह्यातल्या वाघाड प्रकल्पाच्या शेवटच्या टोकाला असलेल्या ओझरच्या शेतकऱ्यांनी संस्था काढून हे करून दाखवलं.

तुमची चारी संस्थेत असेल तर सभेत मोजणीची नोंदवही मागा. नसेल तर आवर्तन चालू असतानाच, तारीख आणि वेळ घालून, शाखा अभियंत्याकडे लेखी तक्रार द्या व पोच घ्या. पाळी संपल्यावर केलेल्या तक्रारीने शेत भिजत नाही.

तोवर कालव्यात मोटार टाकू का?

नाही. परवानगीशिवाय उपसा हा गुन्हा आहे, आणि तुमच्याही खाली कुणाचं तरी शेत असेलच. उपसा हवाच असेल तर आधी उपविभागीय कार्यालयात विचारा.