तालमीतला मायकल

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र रात्री अडीचला आलेलं, मी सकाळी चहा घेताना वाचलं. चार पानं तू 'धिस इज इट'बद्दल, मायकल जॅक्सनच्या शेवटच्या तालमींच्या त्या चित्रपटाबद्दल, भरभरून लिहिलंस आणि अगदी शेवटी, जाता जाता, 'तीन रात्री तीच स्टेप बसवतेय, डावा गुडघा थोडा सुजलाय' असं लिहिलंस. मला सगळ्या पत्रात तीच ओळ मोठी दिसली. तिच्याकडे येतोच. आधी तुझा प्रश्न घेतो, कारण तो फार चांगला आहे. तो पूर्ण ताकदीनं नाचतच नाहीये, तरी नजर त्याच्यावरून हलत का नाही?

मी त्याला प्रत्यक्ष पाहिलं ते १ नोव्हेंबर १९९६ ला, अंधेरीच्या क्रीडा संकुलात. तुझ्याच वयाचा होतो. पार मागे उभा होतो, त्यामुळे तो अंगठ्याच्या नखाएवढाच दिसला. तरी घरी परतलो तो घसा बसलेला आणि डोकं भणाणलेलं. नंतर कित्येक वर्षं मला वाटायचं, त्याचं सगळं बळ त्या झटक्यात, त्या उसळीत आहे. ऑक्टोबर २००९ मध्ये हा चित्रपट लागला, त्याला जाऊन चारच महिने झाले होते. थिएटरात बसलो आणि माझा तो समज गेला.

तू पाहिलंस ते मार्किंग आहे, म्हणजे ताकद राखून, हालचाली नुसत्या खुणेपुरत्या करत केलेली तालीम. लंडनच्या ओ-टू अरीनामध्ये १३ जुलैपासून पन्नास प्रयोग व्हायचे होते. आधी दहाच जाहीर झाले होते, ते वाढत वाढत पन्नासवर गेले. पन्नाशीच्या उंबरठ्यावर नव्हे, पन्नाशी ओलांडलेल्या माणसापुढे पन्नास रात्री. लॉस एंजेलिसच्या तालमीत तो आवाज राखून गातो, हात अर्धे उघडतो, वळण नुसतं खांद्यानं दाखवतो. पण जागा बघ. आठाच्या मोजणीत जिथे पाऊल पडायला हवं तिथेच पडतं, एका केसाचाही फरक नाही. आणि शरीर राखत असताना कान मात्र पुरते उघडे आहेत.

'द वे यू मेक मी फील'ची सुरुवात पुन्हा लावून बघ. मायकल बेअर्डन कीबोर्डवर आहे. सूर बरोबर आहेत, ताल बरोबर आहे, तरी जॅक्सनचं समाधान होत नाही. त्याला ते आणखी रेंगाळायला हवंय. अंथरुणातून स्वतःला ओढत उठवणाऱ्या माणसासारखं वाजव, म्हणतो. मंद आचेवर ठेवल्यासारखं शिजू दे, म्हणतो. आवाज चढत नाही, कुणाचा पाणउतारा नाही. पण हवं ते मिळेपर्यंत सोडतही नाही. तू स्टेप उचललीस ती पायांची, मुली. मला वाटतं, त्याच्याकडून उचलायचं असेल तर हे उचल. दोन ठोक्यांच्या मधली जागा ऐकणं. अशा ऐकण्याला आरसा लागत नाही, गुडघाही लागत नाही.

आणि गायिका ज्युडिथ हिलबरोबरचं ते युगुलगीत. गाता गाता तो वाहवतो, राखून ठेवलेला आवाज सुटतो, खाली बसलेले नर्तक आरडाओरडा करायला लागतात. गाणं संपताच तो जवळजवळ तक्रारच करतो, की मला असं पूर्ण गायला लावू नका, मला आवाज जपायचाय. इतक्या वर्षांचा गायक, पहिलं मोठं गाणं गाजलं तेव्हा अकरा वर्षांचा होता, आणि तालमीत त्याला एवढीच भीती, की आज खर्च केलं तर उद्या काय देऊ. हे दृश्य मी माझ्या प्रत्येक बॅचला दाखवतो.

आता दुसरी गोष्ट, जी चित्रपट तुला सांगत नाही. तुझ्या लक्षात आलं का, एकाच गाण्यात त्याचं जाकीट बदलतं? एका कडव्यात एक, पुढच्यात दुसरं. कारण ते गाणं एका दिवसाचं नाहीच. एप्रिल ते जून केव्हातरी टिपलेल्या तुकड्यांतून दिग्दर्शक केनी ऑर्टेगानं ते शिवलंय. ते चित्रण मुळात मायकलच्या स्वतःच्या संग्रहासाठी होतं. म्हणजे तू ज्याच्याशी स्वतःची बरोबरी करत रात्री जागतेस, तो नाच कुणीच एका दमात नाचलेलं नाही. त्यानंसुद्धा नाही.

आणि काही दिवस त्यात अजिबात नाहीत. १९ जूनला तो तालमीला आला तेव्हा थंडीनं कुडकुडत होता. ऑर्टेगानं त्याला खाऊ घातलं, पांघरूण दिलं, त्याचे पाय चोळले आणि घरी पाठवलं. हे ऑर्टेगानं २०११ मध्ये न्यायालयात साक्ष देताना सांगितलं. तो खटला मायकलच्या डॉक्टरवर होता. झोप लागत नाही म्हणून त्याला घरात, बेडरूममध्ये प्रोपोफॉल दिलं जात होतं. ऑपरेशनच्या वेळी भूल द्यायला वापरतात ते औषध. २४ जूनच्या रात्री तालीम झाली, २५ ला तो गेला. डॉक्टर दोषी ठरला, पण ते सोड. मला छळतं ते एवढंच, की ज्या माणसाला स्वतःच्या आवाजाचा थेंब न् थेंब जपता येत होता, त्याला झोप मिळत नव्हती.

म्हणून तुझा अडीचचा निरोप पाहून माझ्या पोटात गोळा आला.

माझी कथा तुला माहीत नसेल. १९९८ च्या गणपतीत कार्यक्रमाच्या आदल्या रात्री मी पहाटेपर्यंत फुल आउट, म्हणजे काहीच न राखता पूर्ण ताकदीनं, नाचत राहिलो. फरशीवर, साध्या चपट्या बुटांत. आम्हाला शिकवणारे म्हणायचे, दुखलं म्हणजे बसतंय. सकाळी गुडघा वाकेना. त्या संध्याकाळी मी विंगेत खुर्चीवर बसून माझीच जागा दुसऱ्याला नाचताना पाहिली. जिना उतरताना आजही मी आधी कठडा धरतो.

तू आणखी एक विचारलंस, दबकत विचारलंस, की त्याच्यावरचे लहान मुलांच्या लैंगिक शोषणाचे आरोप माहीत असताना त्याच्यावर प्रेम करणं बरोबर आहे का. २००५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ज्यूरीनं त्याला निर्दोष ठरवलं. २०१९ मध्ये दोन पुरुषांनी आपल्या बालपणाबद्दल कॅमेऱ्यासमोर जे सांगितलं, तेही मी पूर्ण बसून ऐकलं आणि नंतर कित्येक दिवस मला त्याचं गाणं लावता आलं नाही. तूही ऐक. चाहता म्हणून कान बंद करू नकोस. तुझं उत्तर माझ्यासारखंच येईल असं नाही, आणि घाईनं यायलाही नको.

शेवटाकडचं 'बिली जीन' मात्र पुन्हा बघ. समोर प्रेक्षक म्हणून फक्त त्याचेच नर्तक. गाणं संपतं, ते वेडे होतात, आणि तो साधेपणानं एवढंच म्हणतो, की निदान अंदाज तरी आला. त्या मुलांचे चेहरे बघ. ते गाणं त्याच्याकडून तसं बघायला मिळालं ते त्यांना, लंडनच्या प्रेक्षकांना कधी मिळालंच नाही.

आज संध्याकाळी बर्फ लाव. उद्या हाडांच्या डॉक्टरांना दाखव, परवावर टाकू नकोस. गुरुवारी सहाला क्लासला ये, पण बूट आणू नकोस. आपण दोघं खाली बसून ते गाणं नुसतं ऐकू आणि बोटांनी मोजू. आणि आज अकराला फोन दुसऱ्या खोलीत ठेव. आईला सांगून ठेवलंय, ती मला कळवेल.

तुझा,
सर