रक्त नेलं, निकाल कुठे?

प्रश्न : ताई, मी ऐरोलीची. ग्लासगोला सार्वजनिक आरोग्य शिकतेय. प्रबंधासाठी शहराच्या पूर्व भागातल्या गरीब वस्तीत मुलाखती घ्यायच्या आहेत. मी परकी पोर, लोकांना त्यांची दुखणी कोणत्या तोंडाने विचारू? त्यापेक्षा सुट्टीत येऊन ठाण्याजवळच्या येऊरच्या आदिवासी पाड्यांवर अभ्यास केला तर?

उत्तर : ग्लासगोतच कर गं. येऊर तुला जवळचं वाटतंय, पण पाड्यावरही तू परकीच असशील.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने २००८च्या अहवालात तुझ्याच शहराचं उदाहरण दिलं होतं. पूर्व भागातल्या कॅल्टन या गरीब वस्तीत पुरुषांचं आयुर्मान ५४ वर्षं, तर जवळच्याच लेन्झीत ८२. तिथे सरकारी दवाखाना १९४८पासून मोफत आहे, तरी २८ वर्षांचा फरक! म्हणून दुखण्याआधी कामाचं विचार. कारखाना कधी सुटला, मग घर कसं चाललं? ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कंपन्या बंद पडल्यावर घरी बसलेली माणसं तू ऐरोलीत पाहिली असशीलच. एवढी ओळख पुरते.

मला खरी काळजी वेगळीच आहे. शिकत असताना आम्ही येऊरच्या एका पाड्यावर हिमोग्लोबिन तपासायला गेलो होतो. एका वारली आजीने बोट पुढे केलं आणि विचारलं, "मागल्या साली पण रगत नेलं. त्याचं काय झालं?" आम्ही गप्प. वाईट हे, की आम्हीही निकाल सांगायला परत गेलो नाही. ते मला अजून लागतं.

अमेरिकेत ग्रँड कॅन्यनमधल्या हावासुपाई लोकांनी १९९०पासून मधुमेहाच्या अभ्यासासाठी रक्त दिलं. विद्यापीठात ते स्किझोफ्रेनिया या मानसिक आजाराच्या आणि त्यांचे पूर्वज कुठून आले याच्या अभ्यासालाही वापरलं गेलं. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. ते कोर्टात गेले. २०१०मध्ये तडजोड झाली, ७ लाख डॉलर मिळाले आणि उरलेलं रक्तही परत मिळालं.

तेव्हा विद्यापीठाच्या नैतिकता समितीची परवानगी हातात आल्याशिवाय एकही मुलाखत घेऊ नकोस. संमतीचा कागद नुसता पुढे सरकवू नकोस, वाचून दाखव. कधीही 'नको' म्हणता येतं हेही सांग. पहिले दोन आठवडे वही पिशवीतच राहू दे. वस्तीच्या केंद्रात चहा वाटायला, खुर्च्या लावायला जात जा.

आणि प्रबंध दिलास की दोन पानांत, साध्या इंग्रजीत, काय सापडलं ते लिही आणि ज्यांनी वेळ दिला त्यांना स्वतः नेऊन दे. घरी यायचं तिकीट त्यानंतरच्या तारखेचं काढ.