जनुक काढले, तरी पेशी ठणठणीत?

प्रश्न : यीस्टच्या पेशीतून एखादे जनुक काढून टाकले आणि तरीही ती नेहमीसारखी वाढत राहिली, तर ते जनुक बिनकामाचे समजायचे का?
– एक विद्यार्थिनी, सातारा

उत्तर : नाही. पेशी ठणठणीत आहे असे म्हणताना तिला कोणत्या माध्यमात वाढवले, हे आधी विचारले पाहिजे. यीस्टमध्ये सुमारे ६,००० जनुके असतात. पण पोषक द्रव्यांची रेलचेल असलेल्या माध्यमात ज्यांच्यावाचून पेशी जगूच शकत नाही, अशी जनुके त्यांतली जेमतेम एकपंचमांश भरतात. उरलेल्यांपैकी कित्येकांचे काम टंचाईतच उघड होते.

जपानी शास्त्रज्ञ योशिनोरी ओसुमी यांचा १९९२ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. रिक्तिकेत (पेशीतल्या पचनाच्या पिशवीत) प्रथिने पचवणारी विकरे (एन्झाइम) नसलेले यीस्ट त्यांनी नायट्रोजनविरहित माध्यमात ठेवले, तेव्हा अर्ध्या-पाऊण तासात रिक्तिकेत बारीक गोल कण दिसू लागले आणि काही तासांत रिक्तिका त्या कणांनी गच्च भरली. उपाशी पेशीने मोडीत काढण्यासाठी बांधलेली स्वतःच्याच द्रव्याची ती गाठोडी होती. विकरे शाबूत असती, तर ही गाठोडी लगेच पचून गेली असती आणि साध्या सूक्ष्मदर्शकाखाली काहीच दिसले नसते. म्हणजे इथे विकर घडवणाऱ्या जनुकाचा अभाव हेच निरीक्षणाचे साधन ठरले. पुढच्याच वर्षी या प्रक्रियेला, म्हणजे ऑटोफॅजीला, लागणारी १५ जनुके त्यांच्या गटाने शोधली. त्यांपैकी एखादे निकामी असलेले यीस्ट भरपूर पोषणात व्यवस्थित वाढते. नायट्रोजन तोडला की मात्र सामान्य यीस्टच्या कितीतरी आधी मरते, कारण जुनी प्रथिने मोडून अमिनो आम्ले मिळवण्याची वाट बंद झालेली असते. या कामासाठी ओसुमी यांना २०१६चे नोबेल पारितोषिक मिळाले.

उंदरांतही असेच आढळले. ऑटोफॅजीला लागणारे ‘एटीजी५’ हे जनुक नसलेली पिल्ले वरकरणी नीट जन्मतात, पण वारेतून होणारा पुरवठा थांबल्यावर दिवसभरात दगावतात.

मात्र ‘पेशी उपाशी ठेवली’ एवढे म्हणून भागत नाही. नायट्रोजनची टंचाई, ग्लुकोजची टंचाई आणि एकाच अमिनो आम्लाची टंचाई यांना पेशी वेगवेगळा प्रतिसाद देते. म्हणून मूळ आणि जनुकविरहित अशा दोन्ही पेशी भरल्या माध्यमात व टंचाईतही वाढवून पाहाव्या लागतात, आणि काढलेले जनुक परत घातल्यावर दोष नाहीसा होतो का, हेही तपासावे लागते.