चित्र काढता येत नाही, तरी कॉमिक्सचा लेखक होता येतं का?

तुमचा प्रश्न असा की वय 26, ठाण्यात नोकरी, कथा लिहिता, कॉमिक्स लिहायची भयंकर इच्छा आहे पण चित्राच्या नावाने बोंब, तर जमेल का आणि मुंबईत यावर पोट भरतं का.

पोटाचं आधी सांगून टाकतो. नुसत्या मराठी कथा आणि कॉमिक्सवर माझं तरी भरलं नाही. वीसेक वर्षं लिहितोय, मुलुंडला राहतो, दिवसा परळच्या एका ऑफिसात जाहिरातींचं मराठी करतो, घर त्यावर चालतं. 2004 साली पहिल्या कॉमिकचे मला पानाला 200 रुपये मिळाले होते आणि ते पण तीनदा फोन केल्यावर. नोकरी सोडू नका, विषय संपला.

चित्राचं मात्र बिलकुल टेन्शन घेऊ नका. 1967 साली अमर चित्र कथा सुरू करणारे अनंत पै काही चित्रकार नव्हते, माटुंग्याच्या यूडीसीटी कॉलेजात केमिकल टेक्नॉलॉजी शिकलेला माणूस. चित्रं राम वाईरकर, प्रताप मुळीक वगैरे मंडळींनी काढली. टिंकल या मुलांच्या कॉमिक्स मासिकातला सुप्पंडी तर मुळात एका वाचकाने पाठवलेल्या गोष्टींतून आला, पण त्याला ते विचित्र आकाराचं डोकं वाईरकरांनी दिलं. आता खरं सांगा, तुम्हाला त्याच्या गोष्टी आठवतात की डोकं? मला डोकं. कॉमिक्सचा लेखक व्हायचं तर ही गोष्ट पचवता आली पाहिजे, ती न पचलेले बरेच लोक मी पाहिलेत, ते शेवटी कादंबरीकडे जातात (तिथे सुखी असतात म्हणा).

मी स्वतः लालबागच्या चाळीत वाढलो, नाक्यावरच्या रद्दीवाल्याकडे इंद्रजाल कॉमिक्सचे जुने अंक मिळायचे, वेताळ, मँड्रेक, बहादूर सगळे मराठी बोलायचे. 1990 मधे इंद्रजाल बंद झालं तेव्हा मी पाचवीत होतो. चित्र येत नव्हतं म्हणून मी संवादांच्या फुग्यांवर पांढरा कागद चिकटवून त्यात माझे संवाद लिहायचो, वेताळ लालबागच्या भाषेत गुंडांना झापायचा. अंक भावाचे होते त्यामुळे मार पण खाल्ला.

आता मुद्द्याचं. एक पान लिहायला मला तासभर लागतो, तेच पान काढायला माझ्या चित्रकाराला दोन दिवस. हा हिशोब एकदा डोक्यात बसला की बाकीचं बरंचसं आपोआप कळतं. सुरुवातीला मला हे कोणी सांगितलं नव्हतं. एका गोष्टीत मी झोकात लिहून टाकलं, "दादर स्टेशन, संध्याकाळचे सात, पुलावर तुफान गर्दी, त्यात आपला नायक हरवलाय." एक ओळ, दोन मिनिटांचं काम. रात्री साडेअकराला चित्रकाराचा फोन, "भावा, तू ये आणि काढ. तीनशे डोकी आहेत, एकेकाला नाक लागतं." मी आधी चिडलो, मग आम्ही बसलो, आणि शेवटी त्या पॅनलमधे (म्हणजे पानावरच्या त्या एका चौकटीत) फक्त जिन्याचा कठडा, त्याला धरलेले सात-आठ हात, आणि त्यातल्या एका हातात आईने दिलेला डबा एवढंच ठेवलं. नायकाचा चेहरासुद्धा नाही. लोकांना आजही तेच पान लक्षात आहे. श्रेय मला मिळतं, आयडिया निम्मी त्याच्या कंटाळ्याची होती.

तेव्हापासून स्क्रिप्ट लिहिताना मी प्रत्येक पॅनलला विचारतो की हे एका चित्रात मावतं का. "तो उठतो, दार उघडतो आणि बाहेर पळतो" हे एका पॅनलमधे होत नाही, चित्र एकाच क्षणाचं असतं, त्यामुळे उठणं दाखवायचं की पळणं ते तुम्ही ठरवायचं. कथा लिहिणाऱ्यांची इथे हमखास दांडी उडते. आणि जे चित्रात दिसतंय ते फुग्यात परत लिहायचं नाही, पाऊस दिसतोय तर "अरे, किती पाऊस पडतोय!" कशाला? एका पानावर पाच-सहा पॅनल, एका फुग्यात वीस-पंचवीस शब्द, त्याच्यावर गेलं की चित्र झाकलं जातं आणि दोन दिवस राबलेला माणूस तुमच्याशी बोलणं सोडतो.

मराठीची स्वतःची वेगळी भानगड आहे. इंग्रजी कॉमिकमधे सगळी कॅपिटल अक्षरं विटांसारखी एकावर एक बसतात, आपल्याकडे वर वेलांट्या, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ओळींमधे जागा सोडावीच लागते, म्हणजे तेवढ्याच फुग्यात मजकूर कमी मावतो. दुसरं म्हणजे आपल्याला कॅपिटल नाहीतच, मग माणूस ओरडतोय हे दाखवायचं कसं? अक्षर मोठं करा, जाड करा, फुग्याची कड फाटकी करा, चित्रकार काय ते बघतो, पण स्क्रिप्टमधे तुम्ही लिहून द्यायला हवं. युनिकोडमधे पाठवलेला मजकूर लेआउटवाल्याच्या जुन्या सॉफ्टवेअरमधे गेला की जोडाक्षरं तुटतात, माझ्या एका खलनायकाच्या धमकीतले सगळे पाय मोडके छापले गेलेत, त्यामुळे शेवटचं प्रूफ स्वतः बघितल्याशिवाय सोडायचं नाही. पण आवाजांच्या बाबतीत मराठीसारखी चैन नाही. धाडकन, खळ्ळकन, सपकन, भस्सकन, टचकन, मागचं "कन" काढलं की साउंड इफेक्ट तयार! एकदा मासे बाजारातल्या मारामारीची चार पानं मी जवळपास नुसत्या अशा आवाजांवर भागवली, संवाद तीन, त्यातला एक कोळणीचा आणि तो इथे लिहिता येणार नाही.

पानांची गणितं शिकून घ्या. छपाईचा फॉर्म, म्हणजे एकदम छापला जाणारा मोठा कागद, 16 पानांचा, म्हणून कॉमिक बहुतेकदा 32 पानांचं. गोष्ट 33 पानांची झाली तर ते एक पान कोणी छापत नाही, तुम्ही कापायचं. सस्पेन्स उजव्या पानाच्या शेवटच्या पॅनलमधे ठेवायचा म्हणजे पान उलटल्यावर धक्का बसतो, डाव्या पानावर ठेवलात तर वाचकाची नजर आधीच उजवीकडे गेलेली असते. मोबाईलवर मात्र पान उलटणंच नाही, अंगठ्याने सरकवत जातात, तिथे हे सगळं नव्याने शिकावं लागलं आणि मला अजून नीट जमत नाही.

कथा सोडू नका. 1909 साली मनोरंजनने दिवाळी अंक काढला तेव्हापासून आपल्याकडे कथा लिहिणाऱ्याला वर्षातून एक हक्काचा दरवाजा आहे. अंक दिवाळीत येतो पण कथा जून-जुलैमधे मागतात, त्यामुळे मी फराळाचं आणि कंदिलाचं वर्णन भर पावसात, ओल्या छत्र्यांनी भरलेल्या लोकलमधे मोबाईलवर टाइप केलंय. मानधन होळीपर्यंत येतं. चित्राशिवाय लिहायचं म्हणजे गर्दीसुद्धा फुकट, वर्षातून दोन महिने तेवढंच बरं वाटतं.

करार वाचा. मी वाचला नव्हता. एका प्रकाशकाने दोन पानी कागद पुढे केला, मी आनंदात सही ठोकली, दोन वर्षांनी माझं पात्र एका मोबाईल गेममधे उड्या मारताना दिसलं आणि मला दमडी नाही. मग कायदा वाचला. कॉपीराइट कायदा 1957 चा, त्यात हक्क देण्याचा करार लेखी हवा, आणि करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती 5 वर्षं धरतात, प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. ऐकायला छान आहे. माझ्या कागदावर "कायमस्वरूपी" आणि "जगभर" दोन्ही व्यवस्थित टाइप केलेलं होतं. पगारी नोकरीत असताना नोकरीचा भाग म्हणून लिहिलंत तर वेगळा करार नसल्यास कॉपीराइटचा पहिला मालक तुमचा मालकच. आणि चित्रकाराबरोबरचं पण लिहून ठेवा, जिगरी दोस्त असला तरी, किंबहुना असला तर जास्तच. आमचं निम्मं-निम्मं आहे, वडापावच्या गाडीवर ठरलं पण कागदावर आणलं.

आता तुम्ही काय करायचं, तर 200 पानांचं महाकाव्य बाजूला ठेवा आणि चार पानांची पूर्ण गोष्ट लिहा, सुरुवात-शेवट सकट. जेजे स्कूल ऑफ आर्टच्या शेवटच्या वर्षाची पोरं शोधा, त्यांचं काम बघा, आणि चार पानांचे पैसे खिशातून द्या, "एक्स्पोजर मिळेल" म्हणालात तर मीच येऊन फटका देईन. ती चार पानं छापलेली दिसली की तुमचं लिहिणं कुठे जास्त झालंय ते तुम्हाला स्वतःलाच दिसेल, मला विचारायची गरज पडणार नाही. आणि गर्दी लिहू नका.

थांबतो, चित्रकाराचा फोन येतोय, पान 19 वर मी सात थरांची दहीहंडी लिहून ठेवलीय.