आजीची हाक आणि दादाची आठवण

सोलापुरात समुपदेशनाचे काम करताना एक प्रश्न वेगवेगळ्या माणसांकडून पुन्हा पुन्हा ऐकायला मिळतो: ‘मला जे आठवते ते खरोखर तसेच घडले होते का?’ हा प्रश्न किल्लारीच्या भूकंपातून वाचून पुढे सोलापुरात स्थायिक झालेली माणसे विचारतात. २०२१च्या एप्रिल-मे महिन्यांत, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, ज्यांना आपल्या माणसाजवळ वॉर्डात जाता आले नाही आणि शेवटच्या फोनवर नेमके काय बोलणे झाले यावरून ज्यांच्या घरात आजही दुमत आहे, तेही हाच प्रश्न विचारतात. प्रश्न स्मरणशक्तीचा वाटतो, पण त्याच्या तळाशी बहुधा अपराधीपणाची भावना असते. म्हणून ‘वय झाले, आता असे व्हायचेच’ किंवा ‘जुने कशाला उकरून काढता’ अशा उत्तरांनी त्याचे समाधान होत नाही.

अशाच एका बाईंची हकीकत त्यांच्या संमतीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून येथे लिहीत आहे.

त्या चाळिशीच्या पुढच्या. सासर सोलापूरचे, यजमान यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे माग लावून देणारे आणि दुरुस्त करणारे, मुलगी अकरावीला. माहेर लोहारा तालुक्यातले, म्हणजे ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जो पट्टा हादरला त्यातलेच. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बुडवून रात्री उशिरा परतलेली माणसे गाढ झोपेत असताना दगडमातीच्या रुंद भिंती आणि त्यांच्यावरची मातीने लादलेली जड माळवदे खाली आली. जवळपास दहा हजार माणसे गेली, बावन्न गावे जमीनदोस्त झाली आणि जखमींना लातूर, उमरगा, सोलापूर अशा जिकडे वाहन मिळेल तिकडे हलवण्यात आले. या बाई तेव्हा नऊ वर्षांच्या होत्या. एका ट्रकमधून त्यांना सोलापूरच्या सिव्हिलला आणले होते. ‘ज्या गावात मला जिवंत म्हणून उतरवून घेतलं, त्याच गावात मला दिलं,’ असे त्या पहिल्याच भेटीत म्हणाल्या.

त्या माझ्याकडे आल्या त्या झोप उडाल्यामुळे. निमित्त घडले राखीपौर्णिमेला. मुलीला महाविद्यालयाच्या प्रकल्पासाठी घरातल्या वडीलधाऱ्यांकडून एका आपत्तीची आठवण नोंदवून घ्यायची होती. मामा आलेलाच होता, म्हणून तिने मोबाईलवर दोघांचेही बोलणे रेकॉर्ड करायला घेतले. बाईंनी आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने सांगितले, की त्या ढिगाऱ्यात असताना शेजारी आजी होती, तिने त्यांना नावाने हाक मारली आणि ‘पाणी दे गं’ असे दोनदा म्हटले. मग शेजारच्या काकांनी त्यांना दाराच्या चौकटीखालून ओढून बाहेर काढले आणि आजी आत बोलते आहे हे बाईंनी कुणालाच सांगितले नाही. त्यावर थोरला भाऊ लगेच म्हणाला, ‘अगं, तसं नव्हतंच. आजी जागच्या जागी गेली. तू लहान होतीस, तुला कुणीतरी सांगितलेलं आठवतंय.’ मुलीने रेकॉर्डिंग थांबवले. त्या दिवसापासून बाई पहाटे तीनच्या सुमारास जाग्या होऊन बसू लागल्या. पंख्याची पाती हलली तरी दचकू लागल्या आणि स्वयंपाकघराचे दार रात्री उघडे ठेवण्याचा हट्ट धरू लागल्या.

त्यांनी मला विचारलेला प्रश्न त्यांच्याच शब्दांत देते: ‘मॅडम, आजीनं हाक मारली असेल तर मी तिला मारलं. आणि मारलीच नसेल, तर इतकी वर्षं मी कशासाठी रडले?’

अशा वेळी समुपदेशकाला एक सोपी वाट समोर दिसते. भाऊ वयाने मोठा, तेव्हा सोळा वर्षांचा. त्याची आठवण खरी धरायची आणि ‘ताई, असे काही घडलेच नाही, तेव्हा तुमचा दोषही नाही’ असे सांगून त्यांना मोकळे करायचे. ही वाट मी घेतली नाही, आणि अशा प्रसंगी कुणीच घेऊ नये असे माझे मत आहे. त्या हाकेत बाईंवरचा आरोप होता हे खरे, पण आजीचे शेवटचे शब्दही त्यातच होते. आजीने शेवटचे नाव आपले घेतले, ही गोष्ट त्यांनी सगळ्या दुःखासकट जपलेली होती. दोष काढून घ्यायचा म्हणून ती हाकच काढून घेण्याचा अधिकार मला नव्हता आणि भावालाही नव्हता.

आधी शरीराकडे पाहणे आवश्यक होते. झोप, भूक, जगणे नकोसे वाटते का, हे सारे विचारून घेतल्यावर मी त्यांना मनोविकारतज्ज्ञांना भेटायला सांगितले आणि काही काळ थोडे औषधही चालले. पहाटे जाग आल्यावर दिवा लावायचा, पाय जमिनीवर टेकवायचे, खोलीतल्या वस्तूंची नावे मोठ्याने घ्यायची आणि आज कोणता वार आहे ते स्वतःला सांगायचे, एवढी साधी सवय त्यांनी लावून घेतली. ऐकायला हे किरकोळ वाटते, पण भूतकाळातल्या पहाटेत अडकलेल्या माणसाला आजच्या खोलीत परत आणायला ते उपयोगी पडते.

भूकंपाबद्दल बोलायला मी घाई केली नाही. मोठ्या आपत्तीनंतर लगेच माणसांना एका बैठकीत बसवून सगळे ओकायला लावण्याची एक पद्धत होती. तिचा फायदा दिसत नाही आणि काहींना त्रासच होतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटना तिची शिफारस करत नाही. इतक्या वर्षांनंतरही तोच विवेक ठेवावा लागतो. बोलायला लावायचे नाही, पण बोलणे आले तर अडवायचेही नाही. आपल्या घरांमध्ये नेमके उलटे होते. पाहुण्यांसमोर ‘सांग की तेव्हाचं’ म्हणून आग्रह होतो आणि माणूस स्वतःहून बोलू लागले की ‘जाऊ दे आता’ म्हणून विषय बदलला जातो.

आम्ही सुरुवात केली ती आदल्या दुपारपासून. बाईंच्या आठवणीत आजी म्हणजे फक्त ढिगाऱ्यातला आवाज उरली होती, तिचा चेहरासुद्धा धूसर झाला होता. मी विचारत गेले तशी आजी हळूहळू परत आली. ती सकाळी चुलीपाशी बसून मिसरी लावायची आणि मिसरीचे बोट पदराला न पुसता भिंतीला पुसायची, म्हणून चुलीच्या बाजूच्या भिंतीवर हाताच्या उंचीवर काळपट पट्टा झाला होता. विसर्जनाच्या दिवशी आजीने खिरापतीतला खोबऱ्याचा मोठा तुकडा नातीच्या मुठीत दिला होता आणि दादाला कळू न देता खा असे बजावले होते. रात्री दोघी एकाच वाकळीत निजल्या होत्या. हे सांगताना बाई पहिल्यांदा आजीसाठी रडल्या. तोवरचे रडणे स्वतःला दोष देण्याचे होते आणि त्या दोन्हींतला फरक त्यांना स्वतःलाच जाणवला.

त्यानंतर मी त्यांना आठवणींविषयी जे ठाऊक आहे ते सांगितले. २८ जानेवारी १९८६ रोजी अमेरिकेचे चॅलेंजर यान उड्डाणानंतर थोड्याच वेळात नष्ट झाले. दुसऱ्याच दिवशी उल्रिक नायसर आणि निकोल हार्श या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांकडून ती बातमी कुठे, कशी, कुणाकडून कळली ते लिहून घेतले आणि अडीच-तीन वर्षांनी त्यांतल्याच काहींना पुन्हा विचारले. अनेकांची उत्तरे पहिल्या उत्तरांशी जुळली नाहीत, पण त्यांची खात्री मात्र पक्की होती. हे ऐकून बाईंचा चेहरा उतरला. पण याची दुसरी बाजूही आहे. १९८९ साली कॅलिफोर्नियात लोमा प्रिएता भूकंप झाला, तेव्हा नायसर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तसाच अभ्यास केला. ज्यांनी भूकंप स्वतः अनुभवला होता त्यांच्या आठवणी सुमारे दीड वर्षानंतरही जवळजवळ तशाच टिकल्या होत्या आणि ज्यांनी दूरवर केवळ बातमी ऐकली होती त्यांच्या आठवणींत चुका बऱ्याच होत्या. म्हणजे शास्त्राच्या आधारे बाईंना खोटे ठरवता येत नव्हते आणि इतक्या वर्षांनंतर, नऊ वर्षांच्या मुलीच्या त्या पहाटेबद्दल, खात्रीने खरेही ठरवता येत नव्हते. आठवण ही आजीच्या वाकळीसारखी असते. दर वेळी वापरताना तिच्यावर एखादे नवे ठिगळ बसते, पण म्हणून आतले लुगडे आजीचे नव्हते असे होत नाही.

एक लहानसा वाद मात्र आपोआप सुटला. बाईंच्या आठवणीत त्या वेळी डोळ्यांत बोट घातले तरी दिसणार नाही असा काळोख होता आणि भाऊ म्हणत होता की लख्ख चांदणे होते. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी पौर्णिमा. भाऊ विसर्जनानंतर मंडपातच आडवा झाला होता, म्हणून तो वाचला. बहीण पडलेल्या भिंतीखाली, मातीच्या लोटात होती. एकाच गावात, एकाच क्षणी, एकाला चांदणे होते आणि दुसरीला काळोख. यात खोटे कुणीच नव्हते.

बाईंच्या इच्छेने पुढे भावाला बोलावले. बैठकीसाठी नियम एकच ठेवला होता, की एक जण सांगत असताना दुसऱ्याने ‘तसं नव्हतंच’ हे शब्द उच्चारायचे नाहीत. हवे तर ‘मला वेगळं आठवतं’ असे म्हणायचे. बहिणीचे सगळे ऐकून झाल्यावर ते बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी जे सांगितले ते बहिणीला नवे होते. त्या पहाटे ते आजीच्या बाजूला नव्हतेच. वडील शेतावर राखणीला गेलेले. घराच्या मागच्या अंगाला आई अडकली होती आणि ते एकटे हातांनी तिथली माती उपसत होते. आई वाचली नाही. आजीचा मृतदेह दुसऱ्या दिवशी निघाला आणि त्या रात्री वडिलांनी मुलाला सांगितले, ‘आजीला काही कळलंच नाही, जागच्या जागी गेली.’ सोळा वर्षांच्या मुलाने ते वाक्य धरून ठेवले आणि पुढे तेच त्यांची स्वतःची आठवण झाले. ‘आवाज सगळीकडनं येत होते,’ ते म्हणाले. ‘कुणाकुणाचे होते ते मी कधी आठवूनच बघितलं नाही.’

त्यांनी बहिणीला खोटे पाडले होते ते तिच्यावर अविश्वास म्हणून नव्हे, तर ती हाक खरी निघाली तर आपण चुकीच्या बाजूला खणत होतो असा अर्थ होईल या भीतीने. कुटुंबातल्या अशा वादांत हे मी अनेकदा पाहिले आहे. जो सर्वांत ठामपणे ‘असे घडलेच नाही’ म्हणतो, त्यालाही बहुधा स्वतःचे काहीतरी सांभाळायचे असते. त्याला हट्टी म्हणून बाजूला सारण्यापेक्षा, त्या वेळी तू कुठे होतास एवढे शांतपणे विचारले तर पुष्कळ काही कळते.

दोषाचा प्रश्न त्यानंतर आम्ही स्वतंत्रपणे घेतला. मी त्यांना नऊ वर्षांची एखादी मुलगी डोळ्यांसमोर आणायला सांगितले आणि त्यांनी शेजारच्या घरातली, रोज शिकवणीला जाणारी मुलगी निवडली. तोंडात माती गेलेली, पायाचे हाड मोडलेले, आई दिसत नाही अशा अवस्थेत त्या मुलीने काय काय करायला हवे होते याची यादी मी त्यांना करायला सांगितली. यादीत त्यांनी एकही गोष्ट लिहिली नाही. ‘तिला कुणीतरी कडेवर घ्यायला पाहिजे होतं,’ एवढेच म्हणाल्या.

मुलांना हे सगळे सांगावे का, असे पालक नेहमी विचारतात. मुलाने विचारले तर सांगावे, वयाला झेपेल एवढे सांगावे आणि सांगताना आपल्याला रडू आले तर ते का आले हेही सांगावे, म्हणजे आईला आपण रडवले असे मुलाला वाटत नाही. या घरातली मुलगी रेकॉर्डिंग थांबवल्यापासून अपराध्यासारखी वावरत होती, तिलाही एकदा भेटीला बोलावावे लागले. तिने पुढे प्रकल्प पूर्ण केला. त्यात आईची आणि मामाची हकीकत वेगवेगळ्या पानांवर, एकमेकींशी न जुळवता लिहिली आणि आजी-पणजीविषयी तिसरे पान जोडले, ज्यात मिसरीच्या पट्ट्याचा उल्लेख आहे.

ज्या घरांत अशी आठवण आहे त्यांनी लक्षात ठेवावे, की आपल्याकडे हे दुखणे वर्षातून दोनदा येते, एकदा तारखेने आणि एकदा तिथीने. गणपती उठू लागले की काहींची झोप कमी होते, चिडचिड वाढते आणि कारण उमगत नाही. त्या दिवसांत एकटे राहू नये. झोप महिनाभर लागत नसेल, प्रसंग पुन्हा डोळ्यांसमोर घडतो आहे असे वाटत असेल, दारू वाढली असेल किंवा जगणे नको वाटत असेल, तर समुपदेशक अथवा मनोविकारतज्ज्ञांकडे जावे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते.

बाईंना आता बहुतेक रात्री झोप लागते, पण त्या दोन दिवसांच्या आसपास अजूनही लागत नाही. तेव्हा पहाटे चारला भाऊ फोन करतात. आजीने हाक मारली होती की नाही, हे दोघांनी ठरवलेले नाही. शेवटच्या भेटीत मी त्याबद्दल विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, ‘मला तर ऐकू आली होती. दादाला नव्हती आली. तो लांब होता, मॅडम.’