तिरडीच्या आधी जिना

चि. पोरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप मिळाला. आबांच्या वर्षश्राद्धाला चार शब्द बोलायचे आहेत, काका तुम्ही काहीतरी लिहून पाठवा, असं म्हणालीस. आणि जाता जाता, भाजी काय आणू विचारावं तसं, "दुकान मीच बघायचं ठरवलंय" हेही सांगून टाकलंस. दोन्हीवर वेगवेगळं लिहावं म्हणून कागद घेऊन बसलो, पण जमेना. एकाबद्दल लिहायला घेतलं की दुसरं मध्ये येतंच. तेव्हा हे पत्र भाषणाला किती उपयोगी पडेल कोण जाणे. लागेल तेवढं घे.

तुला घरातले आबा माहीत. खिशात लिमलेटच्या गोळ्या, अंगाला कापराचा वास. पहिलीत असताना तू शाळेत सांगितलं होतंस की आमच्या आबांचं पूजेच्या सामानाचं दुकान आहे. झालं, बाईंनी शाळेच्या गणपतीसाठी कापूर, उदबत्ती, गुलालाची यादीच पाठवली तुझ्याबरोबर. आबा काही बोलले नाहीत. लालबागला चालत गेले, दुसऱ्या दुकानातून सगळं विकत आणलं आणि पिशवी तुझ्या हातात दिली. आपल्याकडे कापराचे डबे भरलेले होते. त्यातली एक वडी त्यांनी शाळेत जाऊ दिली नाही.

मी ओळखतो ते मयताच्या सामानाच्या दुकानातले आबा. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी गिरणीत बदली कामगार होतो. वर्षभर गावी काढलं, परत आलो तर हाताला काम नाही. परळला भोईवाड्याच्या स्मशानाकडे जाताना एक माणूस दुकानासमोर बांबू कापत होता. मी नुसता बघत उभा. त्यांनी मान वर न करता विचारलं, "करवत धरता येते का?" एवढाच माझा इंटरव्ह्यू. घरी मी सहा महिने सांगत होतो की वखारीत काम लागलंय.

आता कामाचं.

बांबू ओला घ्यायचा. वाळका स्वस्त पडतो, पण ऐन वेळी तडकतो. दोन लांब, त्यावर आपल्याकडे सात आडव्या. सुतळी आधी पाण्यात भिजवून ठेवायची, म्हणजे गाठ बसते. हे तुला दुकानातली पोरंसुद्धा शिकवतील. त्यांना अजून न कळलेली गोष्ट वेगळी आहे. पहिल्याच वर्षी एका चाळीत मी बांधलेली तिरडी तिसऱ्या मजल्यावर चढवायला गेलो. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ती अडकली. वर जाईना, खाली येईना. कठड्यावर वाकून सगळी चाळ बघतेय, आत बायकांचं रडणं चालू, आणि मी घाम पुसत बांबू फिरवतोय. आबा वर आले, एक टोक धरून तिरडी उतरवली, वरून चादर मागवली आणि चौघांकडून झोळी करून माणसाला खाली आणवलं. डोकं वरच्या बाजूला, पाय पुढे. तिरडी अंगणात बांधली. परतताना एवढंच म्हणाले, "तिरडी मोजायच्या आधी जिना मोजायचा."

आता गिरण्यांच्या जागी टॉवर झालेत, तर जिन्याऐवजी लिफ्ट मोजायची. वॉचमनला आधी विचार, सामानाची लिफ्ट कुठे, आत किती लांबी आहे. स्ट्रेचर मावत नाही म्हणून माणसाला उभं करून लिफ्टमधून आणलेलं मी दुसऱ्यांचं बघितलंय. मुलगा त्याच लिफ्टमध्ये बापाला धरून उभा. आबांनी हे कधी होऊ दिलं नाही. एकदा अकराव्या मजल्यावरून जिन्याने उतरवलं आम्ही, माणसं बदलत बदलत. सोसायटीचा सेक्रेटरी म्हणत होता, मागच्या गेटने न्या, पुढे वाढदिवसाचा मंडप आहे. असे सेक्रेटरी तुला भेटतील. वाद घालू नकोस, गेट कुठलं ते घरच्यांना विचार.

फोन आला की "कोण गेलं" हे पहिल्यांदा विचारायचं नाही. ते सांगताना माणूस कोसळतो आणि पुढचं काही ऐकू येत नाही. पहिलं विचारायचं, "डॉक्टर येऊन गेले का? कागद दिला का?" कागद म्हणजे मृत्यूच्या कारणाचा डॉक्टरांचा दाखला, घरी मृत्यू झाला असेल तर नमुना ४अ, हॉस्पिटलात झाला तर नमुना ४. तो कागद नसेल तर स्मशानातला कारकून नोंद करत नाही, आणि अपघात किंवा संशय असेल तर पोलीस आल्याशिवाय हात लावायचा नाही. हा कागद आला का हे बघितल्याशिवाय आबा बांबूला करवत लावत नसत. मग आधार कार्ड, रेशन कार्ड. चष्मा लावून नावाचं एकेक अक्षर वाचायचे. एकीकडे गंगुबाई, दुसरीकडे गंगाबाई, डॉक्टरांच्या कागदावर तिसरंच. आबा ते तिथल्या तिथे, घरातल्या थोरल्याला बाजूला घेऊन, नीट करून घ्यायचे. नोंद २१ दिवसांत करायची असते हे पुष्कळांना माहीत असतं. पण एका अक्षरापायी बँक, पेन्शन, खोलीचं नाव सगळं वर्ष-दोन वर्षं अडतं, हे त्या दिवशी कुणाच्या डोक्यात नसतं. ते तुझ्या डोक्यात असायला हवं.

आता पैशाचं. भाजीवाल्याशी दोन रुपयांसाठी भांडणारा माणूस मयताच्या दिवशी घासाघीस करत नाही. मागाल ते देतो. मोजतही नाही. म्हणून आबांनी दराचा बोर्ड बाहेर लावला होता, रस्त्यावरून वाचता येईल असा. त्या वेळी समोरच्याला शुद्ध नसते, तेव्हा दोन्ही बाजूंचा हिशेब आपणच सांभाळायचा, असं ते म्हणत. महापालिकेच्या स्मशानात लाकडाचे पैसे पडत नाहीत, हेही ते स्वतःहून सांगायचे. एका चितेला सुमारे ३०० किलो लाकूड लागतं. ते विकत घ्यायचं असतं असं समजून लोक पाकिटं काढतात, आणि ती काढू देणारेही असतात.

मीही एकदा त्यांच्यातला झालो. १९९१ किंवा ९२ असेल. एका घराकडून वरखर्च म्हणून दोनशे रुपये जास्तीचे घेतले. मुलीच्या शाळेची फी भरायची होती, हे कारण खरं होतं. आबांना कसं कळलं ते मला आजवर कळलेलं नाही. ओरडले नाहीत. म्हणाले, "तेराव्याला जाऊन परत दे." मी म्हटलं, उद्याच देतो. तर म्हणाले, "उद्या त्यांना कळणार नाही तू काय देतोयस. तेराव्यापर्यंत शुद्धीवर येतील." तेराव्याला गेलो. पाकीट पुढे केलं, नीट सांगितलं. त्या घरातल्या म्हाताऱ्याने ते घेतलं, मोजलं आणि म्हणाला, बसा, गोडाचं जेवून जा. जेवलो. ताटात काय होतं ते आठवत नाही. म्हातारा शेजारी बसून वाढायला सांगत होता, तेवढं आठवतं.

या धंद्याची भाषा वेगळी, ती शीक. आपण मराठी माणसं जातानासुद्धा "येतो" म्हणतो, पण मयताच्या घरून निघताना तेही म्हणायचं नाही. नुसतं उठायचं. दुकानात कोणी आलं तर "या" नाही, "पुन्हा या" तर नाहीच. सकाळच्या पहिल्या पैशाला बोहनी म्हणायचं नाही. गिऱ्हाईक हा शब्द आबांनी कधी वापरला नाही, "घर" म्हणायचे. आज दोन घरं झाली, काल एकही नव्हतं. आपल्या आधीची मुंबईतली पिढी तर मेला असंही म्हणत नसे, सोनापुरात गेला म्हणत. मरीन लाइन्सच्या त्या जुन्या स्मशानाचं नाव अख्ख्या शहराच्या तोंडी बसलं होतं.

आणि कुठल्याही घरात शिरलीस की थोरल्याला एकच विचार, "तुमच्यात कसं करतात?" परळ-लालबागमध्ये कोकणातले मराठे आहेत, बौद्ध आहेत, गिरण्यांसाठी आलेले पद्मशाली तेलुगू आहेत, वीरशैवही आहेत. बौद्धांकडे पांढरं कापड आणि त्रिशरण-पंचशील, तिथे तुझं मडकं पुढे करू नकोस. वीरशैव बसवून पुरतात, तिथे तिरडीचं माप चालत नाही. आबांना सगळ्यांचं सगळं पाठ होतं, तरी ते विचारायचे. एकदा मी म्हटलं, माहीत असून का विचारता? म्हणाले, "सांगताना त्याला जरा उभं राहता येतं."

कोरोनाचं तू पाहिलंयस, लांबवत नाही. आबांना तुम्ही घरी कोंडलं होतं, बरोबरच केलंत. ते दिवसातून चारदा मला फोन करायचे. हॉस्पिटलातून परस्पर बंद पिशवीत नेत होते, तिरडी लागत नव्हती, बांबू दुकानात उभे वाळून गेले. एका रात्री फोनवर म्हणाले, "अरे, एवढी माणसं जातायत आणि आपल्याकडे घर एकही नाही." मग बराच वेळ दोघंही फोन धरून गप्प होतो.

घरातल्या आबांबद्दल मी काय सांगणार, पण एक बाहेरून दिसलेलं सांगतो. रात्री दोनला परतलो तरी तुझ्या आजीने बंब पेटवलेला असायचा. उंबऱ्याबाहेर बादली, साबण, धुतलेला सदरा. चाळीसेक वर्षं हे चाललं आणि "आज कोण होतं" हे त्या माउलीने एकदाही विचारलं नाही. लग्नाकार्यात आबा मागच्या रांगेत बसायचे, आहेर देऊन लवकर निघायचे. त्यांना बघितलं की प्रत्येकाला आपापला बाप आठवतो, हे त्यांना ठाऊक होतं. तुझ्या आईच्या स्थळांच्या वेळी "वडील काय करतात?" याला आजीचं ठरलेलं उत्तर होतं, "बांबूचा व्यापार." तुझे बाबा तेवढे म्हणाले, मला माहीत आहे, माझ्या आजोबांना त्यांनीच पोचवलं. तिथे लग्न ठरलं. आता तुला स्थळं येतील तेव्हा हीच कटकट होईल, दुप्पट होईल. मुलगी असून जमेल का हे तू मला विचारलं नाहीस, बरं केलंस. खिडकीतला कारकून कागद बघतो.

गेल्या वर्षी ते गेले तेव्हा तू वर आजीजवळ होतीस, म्हणून खालचं तुला माहीत नाही. पोरं बांबूजवळ नुसती उभी होती, कुणाचा हात पुढे होईना. मी बांधली. जिना मोजायची गरज नव्हती, तो माझ्या पायांना पाठ होता, तरी मी वरपर्यंत जाऊन मोजून आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजीने मला बोलावलं. हातात पैसे. बोर्डावरचा दर तिला पाठ होता. मी म्हटलं, वहिनी, हे काय, दुकान त्यांचंच. तर म्हणाली, "त्यांच्या वहीत कुणाचं फुकट मांडलेलं दाखवा, मग मी पैसे ठेवते आत." मी वही आणली. तारीख घातली, सामान लिहिलं, रक्कम लिहिली, पुढे जमा. नावाच्या रकान्याशी आल्यावर आजीने मला थांबवलं, आत जाऊन आधार कार्ड आणलं आणि एकेक अक्षर वाचून दाखवलं.

ती वही कपाटात खालच्या फळीवर आहे, किल्ली आजीकडे. सोमवारी बांबूवाला येतो. तू स्वतः उभी राहून घे, नाहीतर वाळके देईल.

तुझा,
काका